घराला जोडलेली खोली आणि नगरपालिका

जून महिना उजाडला कीं बीडच्या बसस्थानकावर एक दृश्य हटकून दिसूं लागतें. बालाघाटाच्या डोंगरपट्टींतून, शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या बाजूंनीं आलेल्या गाडींतून एक गृहस्थ उतरतो. त्याच्या हातांत पत्र्याची पेटी असते, मागें नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली मुलगी असते, आणि तिच्यामागें, गर्दींत चुकामूक होऊं नये म्हणून नातीच्या ओढणीचें टोक धरून, म्हातारी आजी असते. कॉलेजांतील प्रवेश पक्का झालेला असतो. पक्की व्हावयाची राहिलेली असते ती खोली. मग गल्लोगल्लीं विचारपूस सुरू होते. "खोली आहे का, काकू?" असें विचारलें कीं अर्धवट उघडलेल्या दारांतून बहुधा दोनच प्रश्न येतात: किती जण राहणार, आणि आडनांव काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर सरळ असतें. दुसरा प्रश्न कशासाठीं आहे हें विचारणाराला आणि ऐकणाराला, दोघांनाहि ठाऊक असतें.

या एका खोलीचें एवढें मोल कां, हें जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांना थोडें सांगावयास हवें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यांतील लाखों माणसें दसरा उलटला कीं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवराबायकोची जोडी (तिला व्यवहारांत 'कोयता' असेंच म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रांतील किंवा कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या फडांवर पांच-सहा महिने काढते. घराला कुलूप लागतें. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें आणि शिकणारीं मुलें. त्यांतहि वयांत आलेल्या मुलीचा प्रश्न फार अवघड. फडावर न्यावी तर शिक्षण सुटलें. गांवांत एकटी ठेवावी तर आईच्या जिवाला घोर. तेव्हां तिचें लग्न उरकून मोकळें व्हावें याकडेच घरच्यांचा कल होतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत २० ते २४ वर्षें वयाच्या बीडमधील स्त्रियांपैकीं १०० मध्यें ४० हून अधिक जणींचीं लग्नें वयाच्या १८ वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. सरकारनें २०२१ सालीं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना मंजूर केली, तें योग्यच झालें. पण वसतिगृहांतील जागा मोजक्या असतात, आणि वसतिगृहांत आजीला जागा नसते. आजी आणि नात यांना एकत्र राहतां येईल, भल्या माणसांच्या नजरेखालीं राहतां येईल, अशी जागा मिळते ती कोणाच्या तरी राहत्या घराला लागूनच.

अशा जागेला येथें 'जोडघर' म्हणूं. राहत्या घराच्या आवारांत, माडीवर किंवा मागच्या अंगाला बांधलेलें, स्वतंत्र दार, स्वतःची चूल आणि स्वतःची मोरी असलेलें लहानसें घर. जमीन तीच, मालकहि तोच. अमेरिकेंत याच वस्तूला बोलतांना 'आजीचें घर' अशा अर्थाचें एक लाडकें नांव आहे, आणि गेल्या कांहीं वर्षांत तेथील शहरांनीं तिच्यासाठीं कायदेच्या कायदे बदलले. मराठवाड्याला मात्र ती नवी नाहीं. वाड्याच्या पुढच्या ढाळजेशेजारची खोली परगांवच्या मास्तरांना द्यावी, माडी पाटबंधारे खात्याच्या कारकुनाला द्यावी, ही रीति आजोबा-पणजोबांपासूनची आहे. भाडें थोडें, शेजार मोठा. आज परिस्थिति एवढीच बदलली आहे कीं मागणारे वाढले आणि देणारे भ्याले.

भ्याले हा शब्द मुद्दाम वापरला आहे. अंबाजोगाईंतील एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. गांव जुनें, मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींचें, योगेश्वरीच्या देवळाचें. आणि १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचेंहि. त्या महाविद्यालयामुळें विद्यार्थी, परिचारिका आणि रुग्णांचे नातलग यांचा राबता तेथें बारमाही. जुन्या वस्तींतील एका माळवदाच्या घरांत साठी उलटलेली विधवा बाई एकटी राहते. मुलगा पुण्याला नोकरीस. पुढें ढाळज, मध्यें अंगण, मागें पूर्वीं जनावरें बांधीत तो गोठा. आतां त्यांत सरपण आणि मोडके पलंग. त्या गोठ्याच्या जागीं एक खोली, न्हाणी आणि शौचकूप बांधलें तर बाईला महिन्याच्या महिन्याला हातखर्चाचे पैसे येतील, मुलापुढें हात पसरावा लागणार नाहीं, आणि रात्रीं-अपरात्रीं छातींत कळ आली तर हाक मारावयास माणूस असेल. हें सारें ती जाणते. तरीहि गोठा तसाच पडून आहे.

विचारलें तर ती पैशाची अडचण सांगेल, आणि ती खोटी नाहीं. पण थोडें बोलतें केलें कीं दुसरेंच कांहीं बाहेर येतें. नगरपालिकेचा माणूस येऊन खोलीला फूटपट्टी लावील आणि घरपट्टी वाढवील. शेजारी अर्ज करील आणि बांधकाम विनापरवाना म्हणून नोटीस येईल. आणि सर्वांत मोठें भय हें, कीं ज्याला घरांत घेतला तो उद्यां निघावयाचाच नाहीं, आणि म्हातारपणीं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. या भयांना कांहींच आधार नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखालीं घरपट्टीची आकारणी बहुतकरून घराला वर्षाकाठीं किती भाडें येऊं शकेल या अंदाजावर बसते. म्हणजे भाड्यानें देण्याजोगी खोली निघाली कीं आकारणी वर सरकणार. भाडेकरूविषयींची भीति तर पिढीजात आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यांत असतांना तेथें १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू झाला, आणि त्यांत वर्षानुवर्षें अडकलेल्या दाव्यांच्या गोष्टी घरोघरीं सांगितल्या गेल्या. तो कायदा गेला. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच, १९९९ चा, भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. त्यांत मालकाला मुदतीच्या परवान्यानें, ज्याला लोक 'लीव्ह अँड लायसन' म्हणतात, जागा राहण्यास देतां येते; मुदत संपूनहि राहणारा हलला नाहीं तर नेहमींच्या दाव्याच्या फेऱ्यांत न शिरतां सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. मात्र करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, व ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी न करणाराला शिक्षेचीहि तरतूद आहे. हें अंबाजोगाईच्या त्या बाईला कोणी सांगितलेलें नसतें. कायदा बदलून पंचवीस वर्षें झालीं. भीति मात्र जुन्या कायद्याची उरली.

बांधकामाच्या परवानगीचेंहि असेंच झालें आहे. डिसेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें मुंबई आणि कांहीं थोडीं क्षेत्रें वगळून सर्वत्र एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिच्या योजनेप्रमाणें १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर लहान घर बांधावयाचें तर परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे दाखल करून शुल्क भरलें कीं वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाहीं. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत परवानगी १० दिवसांत द्यावयाची आहे. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगांव, गेवराई, धारूर या सहा नगरपरिषदा आणि केज, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या पांच नगरपंचायती, यांच्या जुन्या वस्त्यांतील पुष्कळशीं घरें एवढ्याच आकाराच्या जागेवर उभीं आहेत. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. तरीहि गोठ्याची खोली होत नाहीं.

कागदावरची मोकळी वाट आणि प्रत्यक्षांतली वाट यांत किती अंतर असतें, याचा अनुभव कॅलिफोर्निया राज्यानें घेतला आहे. तेथें जोडघरांना मान्यता देणारा कायदा १९८२ सालचा. पण पुढें जवळजवळ पस्तीस वर्षें घरें थोडींच बांधलीं गेलीं. कारण गांवोगांवच्या नगरसभांनीं अटी घातल्या. मोटारीसाठीं जागा दाखवा, भूखंड अमुक आकाराचाच हवा, पाणी आणि गटारासाठीं हजारों डॉलर शुल्क भरा. ज्या शेजाऱ्यांच्या मतांवर नगरसभा निवडून येत त्यांना आपल्या गल्लींत भाडेकरू नको होते. शेवटीं राज्यानें २०१६ सालीं आणि पुन्हां २०१९ सालीं कायदे करून या अटी एकेक करून काढल्या: अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावावयाचा, आणि ७५० चौरस फुटांपेक्षां लहान जोडघरावर नगरविकासाचें शुल्क घ्यावयाचें नाहीं. त्यानंतर मात्र जोडघरें झपाट्यानें वाढलीं. आपल्याकडे मोटारीचा प्रश्न फारसा नाहीं, पण अर्ज करावयाच्या खिडकीशीं होणारा प्रश्न तोच आहे. नियम मुंबईहून बदलतो. खिडकी बीडमध्येंच असते.

तेव्हां नगरपालिकेच्या हातांत काय आहे? चटईक्षेत्र वाढविणें तिच्या हातीं नाहीं, भाड्याचा कायदाहि नाहीं. परंतु घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, नळजोडाचें शुल्क आहे, अभियंता आहे, आणि कार्यालयांतील एक टेबल आहे. एवढ्यावर पुष्कळ करतां येईल.

घरपट्टीविषयीं बोलावयाचें तर नगरपालिकांना सवलत या शब्दाची धास्ती वाटते; तिजोरी आधींच रिकामी. पण जी खोली आज बांधलीच जात नाहीं, किंवा चोरून बांधून नोंदविलीच जात नाहीं, तिच्यापासून नगरपालिकेला आज किती उत्पन्न येतें? कांहींच नाहीं. अशा खोलीची वाढीव आकारणी, लागेल तेथें राज्य सरकारची संमति घेऊन, पांच वर्षें सोडून दिली तर तिजोरींतून एक पैहि कमी होत नाहीं, आणि सहाव्या वर्षापासून नवें उत्पन्न सुरू होतें. मात्र सवलत मिळावी ती खोली नोंदविणाराला आणि भाड्याचा करार नोंदविणाराला. म्हणजे एकाच अर्जांत बाईच्या दोन भीति जातात: घरपट्टीची आणि भाडेकरूची. कराराच्या नोंदणीसाठीं आठवड्यांतून एक दिवस नगरपालिकेच्या कचेरींत टेबल मांडून एखादा जाणकार कारकून बसवावा. राज्यांत ही नोंदणी आतां संगणकावरून करतां येते. पण साठीच्या बाईला संगणक म्हणजे दुसरा मुकादमच. तिच्या शेजारीं बसून अर्ज भरून देणारा माणूस हवा.

दुसरें काम नकाशांचें. वास्तुतज्ज्ञाची फी ही एका खोलीच्या खर्चांत जड होते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें राहण्याची एकुलती एक खोली किमान ९.५ चौरस मीटरची, २.४ मीटर रुंदीची आणि २.७५ मीटर उंचीची हवी. हा आकार डोळ्यांपुढें ठेवून नगरपालिकेनें चार-पांच नमुना नकाशे तयार करून घ्यावे: गोठ्याच्या जागेची खोली, गच्चीवरची खोली, दोन घरांच्या बोळांतली अरुंद खोली. त्यांवर अभियंत्याची मान्यता आधींच असावी आणि ते नाममात्र किंमतींत मिळावे. मालकानें नमुना निवडावा, जागा दाखवावी, आणि काम सुरू करावें.

येथें एका गोष्टीची मात्र घाई करूं नये. माळवदाचें घर दिसावयास भक्कम असतें; पण जाड दगडमातीच्या भिंतींवर लांकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जड थर अशी त्याची रचना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हां लातूर आणि उस्मानाबाद (आजचें धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसें मेलीं, त्यांतलीं कितीतरी अशाच घरांच्या ढिगाऱ्याखालीं. अंबाजोगाई तेथून फार दूर नाहीं. माळवद उतरवून त्याच जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकावयाचा आणि वर खोली चढवावयाची, हा प्रकार गांवोगांवीं चालतो, आणि तो जिवाशीं खेळ आहे. नगरपालिकेच्या अभियंत्यानें घर एकदां फुकट येऊन पाहावें, आणि भिंतींना माडी पेलणार नसेल तर तसें स्पष्ट सांगून मागच्या आवारांत, स्वतंत्र पायावर खोली सुचवावी. हा माणूस नोटीस घेऊन येणारा नसून सल्ला घेऊन येणारा आहे असा विश्वास बसावयास वेळ लागेल. आजवर तो नोटीस घेऊनच येत आला.

आणि पाणी. खोली बांधतां येते, पाणी बांधतां येत नाहीं. बीड शहर बिंदुसरा आणि माजलगांव या प्रकल्पांवर, अंबाजोगाई धनेगांवच्या मांजरा धरणावर अवलंबून आहे. तें धरण बीड जिल्ह्यांतच, केज तालुक्यांत आहे. तें आटलें तेव्हां २०१६ सालीं लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. अशा प्रदेशांत घरोघरीं एकेक बिऱ्हाड वाढवा असें सांगणाराला शहाणे लोक विचारतील, त्यांना पाणी कोठून देणार? आक्षेप रास्त आहे, पण त्याचें उत्तरहि आहे. आजी आणि नात कोठेंतरी राहणारच. शहराच्या कडेला शेतांत पाडलेल्या विनागटाराच्या गुंठेवारींत राहतील, तर टँकरचें पाणी विकत घेतील. गांवठाणांत नळ आहे, गटार आहे, रस्त्यावर दिवा आहे. तेथें एक खोली वाढवावयास नवी जलवाहिनी टाकावी लागत नाहीं. मात्र प्रत्येक जोडघराला स्वतंत्र मीटरचा नळ द्यावा आणि गच्चीवरचें पावसाचें पाणी आडांत किंवा टाक्यांत सोडण्याची अट घालावी. जुन्या वाड्यांतून आड असतातच. बरेच कचऱ्यानें बुजले आहेत. ते उपसण्याचा खर्च नगरपालिकेनें उचलला तर तो वायां जाणार नाहीं.

परळी वैजनाथची गोष्ट थोडी निराळी. तेथें ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला यात्रेकरू येतात. एका रात्रीचें भाडें विद्यार्थ्याच्या कित्येक दिवसांच्या भाड्याइतकें येत असेल, तर मालक खोली कोणाला देईल हें सांगावयास नको. १७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगरहून बीडपर्यंत आगगाडी सुरू झाली; मार्ग परळीपर्यंत पुरा होईल तेव्हां ही ओढ वाढेलच. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरानें २०१० सालीं जोडघरांवरचें शुल्क माफ केलें, आणि २०१८ सालीं ती माफी कायम करतांना अट घातली, कीं सवलत घेतली तर पुढें दहा वर्षें ती जागा रात्रीच्या वस्तीला द्यावयाची नाहीं. परळीच्या नगरपरिषदेला ही अट उसनी घेण्यास हरकत नाहीं. यात्रेकरूंना खोली देणाराला कोणी अडवूं नये. त्यानें घरपट्टी मात्र पुरी भरावी.

राहिला आडनांवाचा प्रश्न. ऊसतोडीला जाणारीं कुटुंबें बहुतेक वंजारी, बंजारा, दलित आणि इतर गरीब जातींचीं. त्यांच्या मुलींना शहरांत खोली मिळत नाहीं याचें कारण नेहमींच खोली नसणें हें नसतें. खाजगी घरांत कोणाला घ्यावें हें मालकाच्या मर्जीवर आहे असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि स्वतःच्या पैशानें, कोणाची सवलत न घेतां खोली बांधणाराशीं वाद घालणें कठीण जातें. पण सवलत ही सगळ्यांच्या पैशाची असते. ऊस तोडणारी बाईहि तेलमिठावर कर भरते. म्हणून ज्या जोडघराला नगरपालिकेची घरपट्टी माफ आहे, त्याच्या दारांत जात विचारली जाऊं नये, अशी अट लेखी असावी, आणि तक्रार खरी ठरल्यास माफी मागील वर्षांपासून रद्द व्हावी. खोल्यांची यादी नगरपालिकेनें स्वतः ठेवावी आणि जून महिन्यांत बसस्थानकावरच एक फलक लावावा. यादीवरून खोली दाखविणारा पालिकेचा माणूस सोबत असला कीं दारांतला तो दुसरा प्रश्न ओठावर येतां येतां परत जाईल, निदान कांहीं दारांत तरी.

नगरपरिषदांचीं अंदाजपत्रकें फेब्रुवारींत सभेपुढें येतात. त्या वेळीं तोडणीचा हंगाम भरांत असतो. ज्यांच्या मुलींसाठीं ही खोली हवी ते सारे फडावर असतात, आणि सभेला येऊन प्रश्न विचारणारें त्यांच्यापैकीं कोणी गांवांत नसतें. जोडघराचा ठराव मांडावयाचा तो त्या सभेंत. तो झाला तरी पहिली खोली उभी राहावयास पुढचा हिवाळा उजाडेल. कारण उन्हाळ्यांत बीडमध्यें माणसांना प्यावयास पाणी पुरवितां पुरवितां नाकीं नऊ येतात, तेथें नव्या भिंतींवर मारावयास पाणी कोठलें?